टाऊन हॉल दुरुस्त झाला, आता तो नाटक-भजनासाठी सुरू कसा करायचा?

दुरुस्ती पूर्ण होते, सागवानी दारांना पॉलिश लागते, नवे कवेलू बसतात, फीत कापली जाते आणि दुसऱ्या दिवशी टाऊन हॉलला पुन्हा कुलूप लागते. गावातली पोरं तालीम करायला शाळेचा व्हरांडा शोधत फिरतात. याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. दुरुस्तीची फाईल वेगळी आणि वापराची फाईल वेगळी. पहिली बांधकाम विभाग पूर्ण करतो, दुसरी कोणी उघडलेलीच नसते. ती कशी उघडायची, अर्ज कोणी करायचा आणि कोणते कागद लावायचे, ते इथे सांगतो.

आधी आखीव पत्रिका काढा

विदर्भातल्या जुन्या गावठाणांत बरीच सार्वजनिक जागा नझूलची असते. म्हणजे इमारत नगरपरिषदेची असली तरी खालची जमीन शासनाची असू शकते. म्हणून पहिला कागद आखीव पत्रिकेचा, म्हणजे जागेच्या प्रॉपर्टी कार्डाचा. ती तालुक्याच्या उपअधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयात मिळते. शीट क्रमांक, प्लॉट क्रमांक, क्षेत्रफळ, सत्ताप्रकार (जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे ते) आणि धारकाचे नाव या पाच गोष्टी नीट वाचा. जमीन नझूल पट्ट्याची, म्हणजे शासनाने मुदतीच्या भाडेकरारावर दिलेली असेल तर पट्टा कोणत्या कामासाठी दिला होता आणि त्याची मुदत संपली का, हे महसूल कार्यालयातून लेखी घ्या. मुदत संपली असेल तर नूतनीकरण आधी आणि बाकीचे नंतर.

दुसरी अडचण नगरपंचायतींची. तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायती २०१४-१५ च्या सुमारास नगरपंचायती झाल्या, पण कागदावर मालक म्हणून अजून ग्रामपंचायतच दिसते. तिथे आधी नावाची नोंद बदलून घ्यावी लागते.

आमचा स्वतःचा पहिला प्रस्ताव याच टप्प्यावर परत आला होता. अर्जात आम्ही कर पावतीवरचा घर क्रमांक लिहिला आणि आखीव पत्रिकेत होता शीट आणि प्लॉट क्रमांक. दोन्ही एकाच इमारतीचे, पण कागद म्हणाला दोन वेगळ्या. तीन महिने गेले. तेव्हापासून प्रत्येक अर्जाच्या विषयात दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी लिहितो.

इमारत राज्य संरक्षित स्मारक असेल तर तिला १९६० चा महाराष्ट्र प्राचीन स्मारके अधिनियम लागू होतो आणि वापरासाठी राज्याच्या पुरातत्व विभागाची परवानगी घ्यावी लागते. बहुतेक टाऊन हॉल या यादीत नसतात, पण शेजारी काय आहे तेही पाहावे लागते. लोणारसारख्या गावात केंद्र संरक्षित देऊळ वस्तीतच आहे. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असते आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित असतात. हॉलमागे स्वच्छतागृह किंवा मेकअपची खोली बांधायचा विचार असेल तर हे अंतर आधी मोजा.

अर्ज कोण करू शकतो

हॉल नगरपरिषदेने स्वतः चालवला तर संस्थेची गरजच नाही. पण लहान नगरपंचायतीकडे त्यासाठी माणूस नसतो, म्हणून चालवायला स्थानिक संस्था पुढे येते. ती १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असावी. नवी संस्था काढायची तर किमान सात सभासद लागतात. अर्जासोबत नोंदणी प्रमाणपत्र, घटना, परिशिष्ट एकची (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा उतारा, त्यात पदाधिकाऱ्यांची नावे असतात) ताजी नक्कल, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब, पॅन, बँक पासबुक आणि कार्यकारिणीचा ठराव जोडा.

परिशिष्ट एकवर जरा थांबा. गावातल्या जुन्या मंडळांच्या परिशिष्टात बरेचदा दिवंगत झालेले अध्यक्ष अजून अध्यक्षच असतात. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो आणि तो राहून गेलेला असतो. उशीर झाला असेल तर विलंब माफीची विनंती जोडून आजच द्या. शिवाय घटनेच्या उद्देशांत नाट्य, संगीत, लोककला असे शब्द आहेत का, ते पाहा. नुसते ‘समाजसेवा’ लिहिलेल्या मंडळाला सभागृह कशासाठी द्यायचे, असा प्रश्न सभेत उठतोच.

ठराव

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. नगरपरिषदेची स्थावर मालमत्ता वापरायला किंवा भाड्याने देण्याचा विषय १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ९२ खाली येतो. म्हणून मुख्याधिकाऱ्यांच्या तोंडी होकारावर हॉल ताब्यात घेऊ नका. विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर यायला हवा. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या, प्रत नगराध्यक्षांना द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या.

ठरावात वापर मोघम राहिला की हॉल वर्षभरात लग्नाचे मंगल कार्यालय होतो. लग्नाचे भाडे जास्त, नाटकाचे कमी, त्यामुळे ओढ तिकडेच असते. म्हणून अर्जातच वाक्य लिहून द्या: ‘सदर सभागृह नाटक, दंडार, खडी गंमत, भजन, कीर्तन, चित्रप्रदर्शन व त्यांच्या तालमींसाठी राखीव राहील, खाजगी समारंभास दिले जाणार नाही.’ ‘तालमींसाठी’ हा शब्द गाळू देऊ नका. झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातले नाटक दिवाळीनंतर सुरू होते, उघड्या मंडपात रात्रभर चालते आणि त्याला हजारांचा जमाव लागतो. तो प्रयोग तीनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये होणार नाही. पण पावसाळ्याच्या शेवटी पाऊस झोडपत असताना पेटी, तबला घेऊन तालमीला बसायला कोरडी जागा हवी असते, आणि ती झाडीपट्टी नाटकमंडळ्यांचे केंद्र असलेले वडसा सोडले तर फार थोड्या गावांत मिळते. खंजिरी भजनाच्या मंडळांचेही तेच. म्हणून तालमीचे भाडे तासावर आणि नाममात्र ठरवून घ्या. तारखा कोण देणार, किल्ली कोणाकडे राहणार, वीजबिल कोण भरणार, हेही त्याच ठरावात यायला हवे.

इमारतीची प्रमाणपत्रे

कंत्राटदाराचा काम पूर्ण झाल्याचा दाखला पुरत नाही. बांधकाम अभियंत्याकडून संरचना स्थैर्य प्रमाणपत्र घ्या. त्यात छताच्या सागवानी कैच्या आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोके तपासल्याचा उल्लेख हवा, कारण उधळी (वाळवी) तिथूनच लागते आणि वरचा रंग ती लपवतो. नवे वायरिंग स्टेजच्या दिव्यांचा भार घेईल का, याचा विद्युत तपासणी अहवाल लावा. आग प्रतिबंधक यंत्रणेसाठी २००६ च्या अधिनियमाखाली परवानाधारक एजन्सीकडून नमुना ‘अ’ (यंत्रणा बसवल्याचे प्रमाणपत्र) घ्यावा लागतो आणि पुढे दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये नमुना ‘ब’ (ती चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र). ही दोन महिन्यांची आठवण कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवा.

जुन्या हॉलची दारे आत उघडतात. धावपळ झाली की लोक दारावर दाबले जातात आणि दार उघडत नाही. बिजागऱ्या फिरवल्या तर चौकटीचे कोरीव काम जाते. अशा वेळी अग्निशमन अधिकाऱ्यांना जागा दाखवा आणि कार्यक्रम चालू असेपर्यंत सगळी दारे पूर्ण उघडून आकड्याने अडकवून ठेवण्याची अट चालेल का, ते लेखी विचारा. व्हीलचेअरसाठी उतार एकास बारा हवा. जोते दोन फुटांचे असेल तर उतार चोवीस फूट लांब होतो. दर्शनी पायऱ्या न तोडता तो बाजूच्या दाराला द्या.

प्रत्येक प्रयोगाला

नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर असावी. नवे नाटक बसवत असाल तर संहिता तालमीच्या सुरुवातीलाच पाठवा. पोलीस ठाण्याला लेखी कळवा. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांत रात्री १० नंतरच्या ध्वनिक्षेपक बंदीतून बंदिस्त सभागृहाला सूट आहे. पण कवेलूचे छत आवाज अडवत नाही आणि रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. शेजारच्या घरात लेकरू झोपलेले असते, तेव्हा दहाच्या आत पडदा पाडलेला बरा.

नाटकाचे तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. तिकीट लावले की लेखकाची लेखी परवानगी आणि मानधन दोन्ही आले.

फाईल कुठे अडली ते कळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर फाईलवरील टिपणीची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. आणि ताबा घेण्याच्या दिवशी पंचनामा करा. दारे, खिडक्या, पंखे, भिंतीवरच्या तसबिरी, फुटलेले कवेलू, सगळे मोजून फोटोसह लिहा आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. किल्ली त्यानंतरच हातात घ्या.