काउपंक

काउपंक (कंट्री-पंक) : अमेरिकेतील कंट्री संगीताची गीतरचना आणि ठेका, तर पंक रॉकचा वेग आणि दणका यांच्या मिलाफातून १९८० च्या सुमारास घडलेला संगीतप्रकार. लॉस एंजेलिस, ऑस्टिन, नॅशव्हिल आणि इंग्लंडमधील लीड्स ही त्याची मुख्य ठाणी. नावातल्या ‘काउ’मुळे हा प्रकार कंट्रीची टिंगल करतो असा समज होतो, तो चुकीचा आहे. यातल्या चांगल्या बँडनी हँक विल्यम्स, जॉनी कॅश आणि कार्टर कुटुंब यांची गाणी मन लावून ऐकली होती, आणि ती मोडतोड न करता कशी पळवता येतील एवढाच त्यांचा प्रश्न होता. ‘कॉलेज रॉक’ हे जोडीने येणारे नाव मात्र शैलीचे नाही. विद्यार्थी चालवत असलेल्या रेडिओ केंद्रांवरून जे वाजले ते कॉलेज रॉक. काउपंकचा बराचसा श्रोता तिथेच मिळाला, म्हणून दोन्हींचा विचार एकत्र करावा लागतो.

ठेका

हा संयोग टिकला त्याचे पहिले कारण ठेक्यात आहे. कंट्रीचा मूळ ठेका दोन मात्रांचा : पहिल्या मात्रेवर बेसचा स्वर आणि पायाचा ड्रम, दुसरीवर गिटारची झणक आणि स्नेअर (खरखरता लहान ड्रम). कानाला तो ‘बूम-चिक, बूम-चिक’ असा लागतो. जॉनी कॅशच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत तर ड्रमच नाहीत. गिटारच्या तारांमध्ये कागद सरकवून त्याने स्नेअरसारखी खरखर काढली आणि काम भागवले. याच ठेक्याची दुगुन केली, की कॅलिफोर्नियातल्या हार्डकोर पंकचा ठेका हाती येतो. बोल तेच राहतात, फक्त चाल दुप्पट होते. दोन परक्या गोष्टी ओढूनताणून जोडल्या असे इथे घडलेलेच नाही.

अडचण येते ती आगगाडीच्या ठेक्यात. त्यात स्नेअरवर मात्रेला चार बारीक ठोके अखंड पडतात आणि ठरावीक ठोक्यांवर जोर दिल्यामुळे गाडी रुळांवरून धावल्याचा भास होतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत हे सेकंदाला ८ ठोके होतात. अनुभवी हाताला ते सहज जमतात. लय १८० वर नेली की सेकंदाला १२ ठोके पडतात. मग हात दमतो, जोर सपाट होतो आणि आगगाडीऐवजी पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतो. उपाय दोन. एक तर ठोके निम्मे करायचे आणि जोराच्या जागा तशाच राखायच्या, किंवा जोर फक्त उजव्या हाताने देऊन डाव्याने अगदी हलके भरत जायचे. कंट्रीत स्नेअरवर अनेकदा ब्रश वापरतात. पंकच्या आवाजात ब्रश बुडून जातो, म्हणून काठ्याच घ्याव्या लागतात. काठ्यांनी हलके वाजवणे ब्रशपेक्षा कठीण आहे, आणि या प्रकारातला ड्रमर पारखायचा तो इथेच.

बेस मूळ स्वर आणि त्याचा पंचम आलटून पालटून वाजवतो. जुन्या कंट्रीतला उभा बेस मोठ्या आवाजाच्या मंचावर घुमू लागतो आणि शिट्टी मारतो. त्यामुळे बहुतेकांनी विजेचा बेस नखीने वाजवला. वेगात बेसवादक पंचम गाळून एकच स्वर ठोकू लागला, की गाण्यातली कंट्री त्याच क्षणी संपते. उरते ते साधे पंक.

लय ठरवायची ती शब्दांवरून. गाण्यातली सर्वांत भरगच्च ओळ गायकाने मोठ्याने म्हणून पाहावी. ज्या वेगापुढे शब्द एकमेकांत अडकतात, ती त्या गाण्याची कमाल लय. कंट्रीचे गाणे गोष्ट सांगते आणि गोष्टीतला एक शब्द हरवला तरी पुढचे कडवे लंगडे होते. मंचावर लय आपोआप चढते, म्हणून तालमीतली लय या मर्यादेच्या थोडी खालीच ठेवलेली बरी.

गिटार आणि सूर

पंकच्या गिटारवादकाचा आधार म्हणजे फक्त षड्ज आणि पंचम असलेला ‘पॉवर कॉर्ड’. त्यात गंधार नसतो. कंट्रीचा सगळा जीव गंधारात असतो : कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर सरकणारा तो छोटा झटका, आणि दोन गायकांच्या सुरांमधले तिसऱ्याचे (षड्ज-गंधारासारखे) अंतर. अँप्लिफायरचा आवाज खूप फाटवला, की गंधार आणि षड्ज यांच्या घर्षणातून नको ते स्वर उमटतात आणि गिटार चिखलासारखी वाजते. गंधार टाकून दिला तर चिखल जातो, पण कंट्रीही जाते. काउपंकच्या गिटारवादकाची खरी परीक्षा हीच.

यातून मार्ग असा : टेलिकास्टरसारखी गिटार, ब्रिजजवळचा पिकअप (तारांचा कंप टिपणारा भाग) आणि नळ्यांचा मध्यम ताकदीचा अँप्लिफायर. फेंडरचा २२ वॉटचा डिलक्स रिव्हर्ब बऱ्यापैकी मोठा केला की आवाज काठावर फाटतो. जोरात वाजवले तर गुरगुरतो, हळू वाजवले तर स्वच्छ राहतो. ८५ वॉटचा ट्विन रिव्हर्ब त्याच जागी स्वच्छच राहतो, त्यामुळे फाटका आवाज वेगळ्या पेडलमधून आणावा लागतो आणि बोटांच्या जोराशी असलेले त्याचे नाते तुटते. सोबत एकच प्रतिध्वनी, ‘स्लॅपबॅक’. मेंफिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्सने टेपयंत्रांवर घडवलेला हा आवाज साधारण ८० ते १४० मिलिसेकंद मागून येतो. १८० च्या लयीत एक मात्रा ३३३ मिलिसेकंदांची असते. प्रतिध्वनी दोन-तीनदा येऊ दिला तर तो पुढच्या स्वरावर चढतो आणि सगळा राडा होतो. म्हणून १०० मिलिसेकंदांच्या आसपास आणि एकदाच.

पेडल स्टील हे कंट्रीचे सर्वांत हृद्य वाद्य, पण त्याचा स्वर फुलायला वेळ लागतो आणि या वेगात तो मिळत नाही. बहुतेक बँडनी त्याची मींड गिटारवरच तार ओढून आणली.

गळा

इथे नियम कमी आणि माणसे जास्त महत्त्वाची. कंट्रीत भावा-भावांच्या जोड्या तिसऱ्याच्या अंतराने घट्ट गात. लॉस एंजेलिसच्या एक्स या बँडमध्ये एक्सीन सर्व्हेंका आणि जॉन डो यांचे सूर त्या गोड अंतरात बसत नाहीत. ते चौथ्या-पाचव्या अंतराकडे झुकतात, मध्येच घासतात. ऐकताना भांडणारे पण एकमेकांना न सोडणारे जोडपे डोळ्यांसमोर येते. तिसऱ्याचे गोड अंतर तिथे खोटे वाटले असते.

नक्कल करताना सर्वाधिक बिघडते ते उच्चारण. दक्षिणेकडचा हेल उसना घेतला की श्रोत्याला तो दोन ओळींत कळतो. लीड्सच्या मेकॉन्स या बँडने तो घेतलाच नाही. ते इंग्रजी उत्तरेच्या आपल्या बोलीतच गायले. १९८५ च्या ‘फिअर अँड व्हिस्की’मध्ये फिडल आहे, दारू आहे, हार आहे आणि ती हार ब्रिटनमधल्या १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपाच्या काळातली आहे. कंट्री म्हणजे टोपी आणि बूट नव्हेत, हरलेल्या माणसाचे सरळ बोलणे आहे, हे त्यांनी अमेरिकेबाहेर राहून ओळखले.

बँड आणि गावे

लॉस एंजेलिसमध्ये ही गोष्ट एका छोट्या कंपनीभोवती गोळा झाली. स्लॅश रेकॉर्ड्सने १९८० मध्ये एक्सचा पहिला अल्बम काढला. निर्माता होता डोअर्सचा रे मँझारेक. गिटारवर बिली झूम, हातात चंदेरी ग्रेश, रॉकबिलीत (कंट्री आणि रॉक अँड रोल यांच्या जुन्या मिश्रणात) मुरलेला. डाउनी या उपनगरातल्या फिल आणि डेव्ह आल्विन या भावांचा ब्लास्टर्स, पूर्व लॉस एंजेलिसचा मेक्सिकन वारसा असलेला लोस लोबोस आणि ऑस्टिनला गेलेला रँक अँड फाइल हेही स्लॅशचेच. रँक अँड फाइलमधले चिप आणि टोनी किनमन हे भाऊ आधी डिल्स या कट्टर पंक बँडमध्ये होते, त्यांचा जोडीदार अलेहांद्रो एस्कोवेडो नन्स या पंक बँडमध्ये. १९८२ च्या ‘सनडाउन’मध्ये त्यांनी आवाज कमी केला आणि ठेका जपला, या प्रकारातले सर्वांत नेटके ध्वनिमुद्रण तेच, असे म्हणायला हरकत नाही. केंटकीत जन्मलेल्या ड्वाइट योकमला नॅशव्हिलमध्ये जागा मिळाली नाही. त्याची होंकी-टोंक (दारूगुत्त्यांतल्या जुन्या वळणाची) गाणी ऐकली ती लॉस एंजेलिसच्या पंक क्लबांतल्या पोरांनी, ब्लास्टर्स आणि एक्स यांच्या सोबतच्या कार्यक्रमांत. नॅशव्हिलने टाकून दिलेली जुनी कंट्री पंकच्या श्रोत्यांनी जपली, याला इतका स्पष्ट दाखला दुसरा नाही.

नॅशव्हिलमध्येच १९८१ साली जेसन अँड द नॅशव्हिल स्कॉर्चर्स उभा राहिला. जेसन रिंगेनबर्ग इलिनॉयमधल्या डुकरे पाळणाऱ्या शेतकरी घरातला. गिटारवादक वॉर्नर हॉजेसचे आईवडील कंट्री वादक. एकाला शेत ठाऊक होते आणि दुसऱ्याला कंट्री घरातच मिळाली होती, त्यामुळे त्यांच्या गाण्यात उसनेपणा नाही. ‘फर्व्हर’ हा छोटा अल्बम १९८३ मध्ये आला. पुढच्या वर्षी ईएमआय या मोठ्या कंपनीने तो पुन्हा काढताना त्यात बॉब डिलनचे एक गाणे घातले आणि बँडच्या नावातून ‘नॅशव्हिल’ गळले. १९८५ चा ‘लॉस्ट अँड फाउंड’ आजही ताजा वाटतो.

ॲरिझोनाच्या मीट पपेट्सनी १९८४ च्या दुसऱ्या अल्बममध्ये कंट्रीला वाळवंटातल्या उन्हाची गुंगी दिली. त्यातली तीन गाणी निर्वाणा या बँडने १९९३ च्या एमटीव्ही अनप्लग्ड कार्यक्रमात मीट पपेट्सच्या कर्कवुड बंधूंनाच सोबत घेऊन सादर केली. गन क्लबचा जेफ्री ली पिअर्स ब्लूजकडे जास्त झुकला होता. लोन जस्टिसमधल्या मरिया मकीचा गळा या सगळ्यांत मोठा, पण १९८५ च्या पहिल्या अल्बमची गुळगुळीत सफाई त्या गळ्याला मानवत नाही. छोट्या बँडला मोठी कंपनी मिळाली की काय बिघडते, ते त्यात ऐकू येते.

कॉलेज रेडिओ

हे बँड कंट्री केंद्रांना फार कर्कश वाटत आणि रॉक केंद्रांना फार गावठी. जाहिरातींवर चालणारे केंद्र एका साच्यातलीच गाणी लावते. दोन साच्यांमधल्या गाण्याला तिथे जागा नसते. अमेरिकेत एफएमवरचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा बिगरव्यावसायिक केंद्रांसाठी राखीव आहे. १९४८ पासून त्यात १० वॉटची लहान केंद्रे चालवता येत आणि अनेक विद्यापीठांनी ती काढली. १९७८ मध्ये सरकारी आयोगाने नियम बदलले : १० वॉटवर राहणाऱ्या केंद्राला इतर केंद्रांच्या अडथळ्यापासून असलेले संरक्षण संपणार होते. ज्यांना जमले त्यांनी ताकद १०० वॉट किंवा त्याहून जास्त केली आणि विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आवाराबाहेर गावात पोचला. त्याच वर्षी सीएमजे हे पत्रक सुरू झाले. केंद्रे कोणते अल्बम वाजवतात याच्या याद्या ते छापी. बँडना त्याचा उपयोग नकाशासारखा होई : जिथे अल्बम वाजतो, तिथे व्हॅन घेऊन जायचे.

जॉर्जियातल्या अथेन्सचा आर. ई. एम. हा याच वाटेने वर आला. १९८३ चा ‘मर्मर’ उत्तर कॅरोलिनातल्या शार्लटमध्ये मिच ईस्टर आणि डॉन डिक्सन यांनी ध्वनिमुद्रित केला. त्याचा गिटारवादक पीटर बक याची रिकेनबॅकर गिटार कॉर्ड ठोकत नाही, तारा एकेक करून छेडते. तो काउपंक नव्हे, पण दक्षिणेच्या मातीतला आहे. बकचे मोठे काम पुढे आले : १९९२ च्या मार्चमध्ये त्याने इलिनॉयच्या बेलव्हिलमधल्या अंकल टुपेलो या बँडचा तिसरा अल्बम अथेन्समध्ये पाच दिवसांत, विजेच्या गिटारचा दणका बाजूला ठेवून, ध्वनिमुद्रित केला. तारखाच त्याचे नाव झाल्या. याच बँडच्या १९९० च्या पहिल्या अल्बमचे ‘नो डिप्रेशन’ हे नाव कार्टर कुटुंबाने १९३६ मध्ये गायलेल्या गाण्यावरून घेतले होते. १९९५ मध्ये निघालेल्या मासिकाने तेच नाव उचलले आणि पुढच्या पिढीची ओळख त्या नावाने होऊ लागली.

गुण आणि उणिवा

पंक १९८० नंतर अधिकाधिक घोषणेकडे सरकत होते. काउपंकने त्यात माणसे आणली : नाव असलेले गाव, उशिरा मिळालेला पगार, परत न आलेली बायको. दुसरीकडे नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रणांवर व्हायोलिनच्या ताफ्यांची साय चढली होती. ती या बँडनी खरवडून काढली. तीन कॉर्ड आणि तीन मिनिटे ही शिस्त दोन्हीकडे आधीपासून होती, त्यामुळे गाणी आखूड राहिली आणि कडव्यांचे वजन वाढले.

उणीव बहुधा एकच, पोशाखाची, म्हणजे कंट्रीचे नुसते सोंग घेण्याची. हँकचे गाणे हसत, वेडावत म्हटले की ते एकदाच ऐकवते. ओळखण्याची कसोटी सोपी आहे : गाणे साध्या लाकडी गिटारवर, शांत खोलीत म्हणून पाहावे. तिथे उभे राहिले तर दणका त्याला शोभतो.

एक्सच्या मंडळींनी ही कसोटी स्वतःच दिली. डेव्ह आल्विन आणि उभ्या बेसवरचा जॉनी रे बार्टेल यांना घेऊन त्यांनी निटर्स नावाने १९८५ मध्ये एक अल्बम केला. त्यात मर्ल हॅगर्ड आणि लेडबेली यांचीही गाणी आहेत. या प्रकारात नव्याने शिरणाऱ्याने एक्सचा १९८० चा अल्बम आणि निटर्सचा हा अल्बम लागोपाठ ऐकावेत. दोन्हींत गळे तेच आहेत आणि ड्रमवर डी. जे. बोनब्रेकच आहे. आधी फक्त त्याच्या स्नेअरकडे कान द्यावा, मग पुन्हा सुरुवातीपासून शब्दांकडे.