ओढा बारमाही कसा झाला? पंचगंगाकाठच्या सांडपाण्याची पार्श्वभूमी

पंचगंगेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की बोट एकतर साखर कारखान्यांकडे जाते, नाहीतर कोल्हापूर-इचलकरंजीकडे. त्यात खोटे काही नाही. कोल्हापूर शहरातून येणाऱ्या जयंती नाल्यातून काय वाहते ते सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. पण गावाच्या वेशीवरचा ओढाही त्याच नदीला मिळतो. पूर्वी दिवाळीनंतर आटणारा हा ओढा आता मे महिन्यातही काळा, फेसाळ वाहताना दिसतो. ते पाणी पावसाचे नव्हे, आपल्या घरांतले.

आडाचे पाणी शेंदून किंवा नदीवरून घागरीने आणायचे, तेव्हा सांडायला फारसे उरतच नसे. न्हाणीतले जे काही निघे ते मागच्या परड्यात, केळीच्या नाहीतर अळूच्या बुडात. मग उसाचा पैसा आला. त्याची मुळे दूर जातात: शाहू महाराजांनी १९०७ च्या सुमारास हाती घेतलेले राधानगरी धरण स्वातंत्र्यानंतर पुरे झाले, नदीवर बंधारे उभे राहिले, सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी माळाला पाणी चढवले. स्लॅबची घरे झाली, परड्याच्या जागेत भावाभावांच्या खोल्या आल्या आणि दारात नळ आला. पाणी आले, पण ते जिरायची जागा गेली.

इथे बंधाऱ्याकडे जरा नीट पाहायला हवे. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ राज्यभर गेला तो इथूनच. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत बरग्यांच्या, म्हणजे लाकडी फळ्यांच्या, दोन ओळी बसवायच्या, मधे माती ठासायची, आणि पावसाच्या तोंडावर बरगे काढायचे. शेतीला याच्याइतकी स्वस्त आणि शहाणी सोय दुसरी नसेल. मात्र बरगे बसले की नदी वाहायची थांबते आणि एकामागोमाग एक डोह तयार होतात. वरून पाणी सुटेपर्यंत ओढ्यांनी आणलेली घाण तिथेच कुजते, केंदाळ माजते, पाण्यातला प्राणवायू संपतो. शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या येतात त्या यातूनच. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, हजारो माणसे आजारी पडली आणि काहींचे जीव गेले. त्यानंतर नदीकाठचा माणूस पिण्याचे पाणी आणि सांडपाणी यांचा एकत्र विचार करू लागला.

सरकारी योजनांनी यात काय केले? २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गल्ल्या झाडल्या गेल्या, गटारे सिमेंटची झाली. अभियानाने गावाला शिस्त लावली हे मान्यच करायला हवे. पण बांधीव गटार पाणी स्वच्छ करत नाही, ते फक्त लवकर ओढ्याला पोचवते. २०१९ च्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. पाच हजार वस्तीच्या गावाला म्हणजे पावणेतीन लाख लिटर, आणि वापरलेल्या पाण्यातले साधारण ८० टक्के बाहेर पडते हे धरले तर रोजचे सुमारे सव्वादोन लाख लिटर सांडपाणी. त्याची तरतूद २०२० मध्ये स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात झाली: पाच हजारांपर्यंतच्या गावाला माणशी २८० रुपयांपर्यंत, त्याहून मोठ्या गावाला ६६० पर्यंत. पुढच्याच वर्षी ‘सुजलाम’ मोहिमेत देशभरात शंभर दिवसांत दहा लाख शोषखड्डे, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवणारे खड्डे, खणायचे ठरले.

शोषखड्डा मुरमाड जमिनीत उत्तम चालतो. शिरोळकडच्या काळ्या, आधीच क्षारपड झालेल्या रानात तो थोड्याच दिवसांत तुंबतो, आणि चिखली-आंबेवाडीसारख्या गावांत महापुराने सगळेच पाण्याखाली जाते. अशा ठिकाणी गावाच्या उताराला छोटे शुद्धीकरणच हवे: आधी गाळ बसवणारी टाकी, मग आडभिंतींचे बंद कप्पे, शेवटी खडीच्या वाफ्यात कर्दळ नाहीतर पाणकणीस. उतार मिळाला तर विजेची गरज पडत नाही. लाइट जाण्याची सवय असलेल्या ग्रामपंचायतीला हा मोठाच गुण आहे. निघणाऱ्या पाण्यात नत्र-स्फुरद राहते, ते उसाला चालते. जंतू मात्र पुरते मरत नाहीत, म्हणून कोथिंबीर-मेथीच्या वाफ्याला ते देऊ नये.

मैल्याचा वेगळा धागाही जुनाच आहे. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी सोनखताचे, म्हणजे मैल्याचे खत करणारे, संडास उभे केले, देहूत डॉ. मापुसकरांनी संडासाला गोबरगॅस जोडून दाखवला. दुभत्या जनावरांच्या या जिल्ह्यात गोबरगॅस नवखा नाही, आणि संडास जोडला तर अनुदानही जादा मिळते. तरीही ‘त्या गॅसवर भाकरी करायची?’ हा प्रश्न अजून चुलीपाशी येतोच.

सध्या कामे अडतात ती पैशापेक्षा जागेवर. पाणी आपोआप जाईल असा गावातला सखल तुकडा एकतर पूररेषेत असतो, नाहीतर कुणाच्या तरी उसात. गायरान असते वरच्या अंगाला, तिथे पंप लावावा लागतो. पंप आला की वीजबिल आले, आणि ते कोणत्या खात्यातून भरायचे यावर ग्रामसभा उठते.