ग्लुकोजचं पाणी म्हणजे ओआरएस नव्हे

कॉलऱ्याच्या रुग्णाला घोट घोट ग्लुकोज पाजायचं आणि "ओआरएस चालू आहे" म्हणायचं, हे इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो.

ग्लुकोज सगळ्यांच्या ओळखीचं. गोड, थकव्यात तरतरी देणारं. ओआरएसची, म्हणजे जुलाबात गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणाऱ्या मिश्रणाची, पुडीही पांढरी, तीही पाण्यात विरघळते. चव थोडी खारट, एवढंच वेगळेपण लोकांच्या लक्षात राहतं. पण तो खारटपणाच तर औषध आहे!

कॉलऱ्याचा जंतू आतडं कुरतडत नाही. तो भिंतीला चिकटून विष सोडतो आणि त्यामुळे पेशी पाणी आणि क्षार आतड्यात ओतत राहतात. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, कधी तासाला लिटरभर. डोळे खोल जातात, पोटाच्या कातडीला चिमटा काढला तर वळी तशीच राहते. मात्र सोडियम (मिठातला क्षार) आणि ग्लुकोज जोडीनं आत घेणारी वाट या विषाला बंद करता येत नाही. ती जोडी रक्तात गेली की पाणी मागोमाग जातं. म्हणजे ओआरएसमधलं ग्लुकोज ताकदीसाठी नसतंच, मीठ आत नेण्यासाठी असतं. नुसतं गोड पाणी गेलेलं मीठ भरून देत नाही, आणि दाट असेल तर आतड्यात आणखी पाणी ओढून जुलाब वाढवतं.

म्हणून माप महत्त्वाचं: लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. लिटरची पुडी पूर्ण लिटरातच. पेल्यात अर्धी पुडी नको, चवीला वर साखर तर अजिबात नको.

१९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं असंच पाणी ड्रममधून वाटलं. नातेवाइकांनीच ते पाजलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू ४ टक्क्यांखाली आले.

पार गळून गेलेल्या, पिता न येणाऱ्या रुग्णाला सलाईनच लागतं. त्याला तडक दवाखान्यात न्या, वाटेत जमेल तेवढं पाजत. प्रतिजैविकांनी दुखणं लवकर आटोपतं, पण ती पाण्याची जागा घेत नाहीत. शेजारी बसून कॉलरा होत नाही. तो विष्ठेनं दूषित पाण्यातून, अन्नातून जातो. तेव्हा पुडी कालवायचं पाणी उकळून गार केलेलं हवं, हात साबणानं धुतलेले. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चमचा चमचा सुरू करा.