गॉडझिलाच्या उडीमागची गोष्ट

1965च्या एका जपानी चित्रपटात गॉडझिला हा डायनासोरसारखा महाकाय प्राणी गुरूजवळच्या एका काल्पनिक ग्रहावर तीन डोक्यांच्या ड्रॅगनला पिटाळून लावतो आणि आनंदाने हातपाय वाकडे करून उड्या मारतो. काही सेकंदांचं दृश्य, पण त्यावरून चाहत्यांमध्ये आजही दोन तट आहेत.

1954चा मूळ चित्रपट हसण्यासारखा नव्हताच. त्याच वर्षी प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर अमेरिकेने केलेल्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती, आणि गॉडझिला त्याच भीतीतून जन्मला. पडद्यावर हा प्राणी चालवायला बाहुली इंचाइंचाने हलवून एकेक चौकट टिपायला वेळही नव्हता आणि पैसाही, म्हणून रबरी पोशाखात माणूस उभा केला. पहिला पोशाख सुमारे 100 किलोचा होता. चित्रीकरण करताना कॅमेऱ्यातली फिल्म जास्त वेगाने फिरवायची, म्हणजे पडद्यावर पावलं संथ आणि जड वाटतात. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबो’ ही जपानी मालिका पाहिलेल्यांना ही पोशाख आणि छोट्या इमारतींची दुनिया ओळखीची वाटेल.

मग तो उड्या का मारू लागला? 1958मध्ये जपानमध्ये 112 कोटींवर तिकिटं विकली गेली होती. घरोघरी टीव्ही आला आणि 1965पर्यंत हा आकडा 37 कोटींवर घसरला. थिएटरकडे हक्काने येणारा प्रेक्षक उरला तो लहान मुलांचा. 1962मध्ये किंग काँग या महाकाय वानराशी झालेल्या लढतीत दोघे चेंडूसारखे दगड फेकतात, आणि त्या चित्रपटाने 1 कोटीहून जास्त प्रेक्षक खेचले. उडीची लकब त्या वेळच्या एका लोकप्रिय विनोदी कॉमिकमधून उचललेली. विशेष दृश्यांच्या प्रमुखाला मुलं हसायला हवी होती, म्हणून त्याने ती उचलून धरली. मूळ दिग्दर्शकाला मात्र ती रुचली नाही. अणुबॉम्बच्या जखमेतून जन्मलेल्या प्राण्याचा विदूषक केला, हा आक्षेप तेव्हापासून आहे आणि तो खोटा नाही. तरीही निर्णय बरोबरच होता. मुलांसाठी केलेल्या या चित्रपटांनी गंभीर विषय सोडलेच नाहीत. 1969च्या चित्रपटाचा नायक आहे कावासाकीच्या कारखान्यांच्या धुरात राहणारा, आईवडील दोघेही कामावर गेल्याने घरी एकटा पडणारा मुलगा. पैसे वाचवायला जुन्या लढायांची रिळं त्यात सर्रास वापरली आहेत. पण त्या मुलाचं एकटेपण खरं आहे. 1971मध्ये गॉडझिला तोंडातल्या किरणांच्या जोरावर उलटा उडतो, त्याच चित्रपटात विषारी धुराने माणसांचे सांगाडे होतात. रबराचा खोटेपणा उघड दिसत असल्यामुळेच हे सगळं मुलांना झेपतं, असं मला वाटतं.

खरं नुकसान उडीने नाही, कात्रीने केलं. शाळेच्या सुट्ट्यांतल्या बालमहोत्सवांसाठी जुने चित्रपट छोटे करून दाखवत. 1970मध्ये त्या वानराच्या चित्रपटातून वीसहून अधिक मिनिटं काढली, तीही थेट मूळ निगेटिव्हमधून, म्हणजे ज्या फिल्मवरून सगळ्या प्रती निघतात तिच्यातून. कापलेले तुकडे नंतर हरवले. पुढची कित्येक वर्षं पूर्ण आवृत्ती जिथे पाहायला मिळे तिथे परत जोडलेले भाग फिके आणि धुरकट दिसत. पुढे काही रिळं सापडली आणि 2016मध्ये संपूर्ण चित्रपट 4के या अतिस्पष्ट डिजिटल स्वरूपात परत उभा राहिला. 2023च्या गंभीर गॉडझिलाला दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं, त्याचा आनंद आहेच. पण दगडांची ती चेंडूफेक आता एका चौकटीचीही काटछाट न होता पाहता येते, याचा मला अधिक आनंद आहे.