रोड बाइक घेताना वॉट मोजा

सायकलच्या दुकानात शिरलेला माणूस बहुतेकदा सगळ्यात आधी एक गोष्ट करतो. समोरची रोड बाइक, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने चालवायची, खाली वळलेल्या हँडलची सायकल, एका हाताने उचलून बघतो. हलकी लागली की चेहरा खुलतो, जड लागली की पुढच्या सायकलीकडे वळतो. किमतीही साधारण याच चालीने वाढतात: वजन जितकं कमी, तितके पैसे जास्त. पण रस्त्यावर सायकल हाताने उचलायची नसते, पायांनी पुढे न्यायची असते. पायांची ताकद कुठे खर्च होते याचा हिशोब मांडला, तर वजनाचा नंबर बराच खाली लागतो. हातात ठरावीकच रक्कम असेल तर हा हिशोब दुकानात जाण्याआधी घरी करून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

नाशिकमध्ये तर तो हवाच. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांचा संघ म्हणून पूर्ण केली, आणि सायकलिंग हा घराघरातल्या बोलण्याचा विषय झाला. गंगापूर रोडला पहाटे हेल्मेटवाले दिसणं आता नवलाचं नाही. त्यातले अनेक जण सरळ हँडलच्या हायब्रिड सायकलीवर वर्ष-दोन वर्षं काढून रोड बाइककडे वळतात, आणि घरात ठरलेला आकडा बहुधा साठ ते नव्वद हजारांमधला असतो. आपण ८० हजार धरू. त्यापुढे एक रुपया नाही.

आता हिशोब. चालवणारा ७२ किलोचा, सायकल साडेदहा किलोची, पाण्याच्या बाटल्या आणि बाकी सामान धरून एकूण ८५ किलो. सपाट रस्त्यावर वारा नसताना ताशी २५ किलोमीटर वेग ठेवायला पायांची साधारण १०० वॉट ताकद लागते. त्यातले ६४ वॉट हवा बाजूला सारण्यात जातात आणि सुमारे ३५ वॉट टायर खातात. वेग ताशी ३० केला की एकूण आकडा १५० वर जातो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी विरळ असते. तेवढी सूट निसर्गानेच दिली आहे.

या चित्रात एक किलो वजनाची किंमत किती? सपाट रस्त्यावर ताशी २५ ला अर्ध्या वॉटहूनही कमी. चढावर ती वाढते, हे खरं. हाच माणूस गुरुत्वाकर्षणाविरुद्ध १६० वॉट लावून ५०० मीटर उंची चढला, तर त्याला पाऊण तासाच्या जवळपास लागतो, आणि सायकल एक किलोने हलकी असती तर त्यातला अर्धा मिनिट वाचला असता. शर्यतीत अर्धा मिनिट फार मोठा असतो. रविवारी सप्तशृंगी गडावर जाऊन येणाऱ्यासाठी त्या अर्ध्या मिनिटाला पंधरा-वीस हजार मोजणं मला पटत नाही.

वाऱ्याचं गणित मात्र नाशिककराने पाठच करून ठेवावं. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि त्र्यंबकेश्वर नाशिकच्या पश्चिमेलाच आहे. म्हणजे जाताना २८ किलोमीटर वारा तोंडावर, शिवाय त्र्यंबक नाशिकहून शंभरेक मीटर उंच. समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा असेल आणि तुम्ही ताशी २५ ने जायचं म्हणाल, तर हवेसाठी लागणारे ६४ वॉट थेट १२५ होतात. हलक्या सायकलीने यात काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो अंगाच्या बाकाने. हवेच्या एकूण विरोधापैकी सत्तर-ऐंशी टक्के विरोध माणसाच्या शरीराचा असतो, सायकलीचा वाटा उरलेला. कोपर वाकवून, धड खाली आणून बसलात तर हवेचा विरोध वीसेक टक्क्यांनी सहज घटतो. ताशी ३० च्या वेगाला ही सुमारे २२ वॉटची बचत आहे, आणि तिला एक पैसा लागत नाही.

लागतं ते योग्य मापाचं सायकलचं अंग, म्हणजे फ्रेम. म्हणूनच माझ्या मते या सगळ्या खरेदीत पहिला प्रश्न फ्रेमच्या मापाचा आहे, ब्रँडचा नाही. फ्रेम लांब असेल तर हात ताणले जातात, कोपर सरळ राहतात, मान अवघडते आणि अर्ध्या तासात माणूस हँडलचा वरचा भाग धरून ताठ बसतो. मग रोड बाइक घेऊन मिळवलं काय? एखाद्या कंपनीचं ५४ माप दुसरीच्या मीडियमपेक्षा वेगळं निघतं, तेव्हा नुसत्या आकड्यावर जाऊ नका. कंपनीच्या तक्त्यात ‘स्टॅक’ आणि ‘रीच’ हे दोन आकडे बघा. पॅडल जिथे फिरतात त्या मध्यापासून हँडलच्या नळीचं वरचं टोक किती उंच आहे तो स्टॅक, आणि किती पुढे आहे तो रीच. स्टॅक जास्त आणि रीच कमी अशा फ्रेमला ‘एन्ड्युरन्स’ भूमितीची म्हणतात. शर्यतीच्या सायकलीइतकी ती झुकलेली नसते. पण दोन तास टिकवता येईल असा मध्यम बाक हा दहा मिनिटांत सोडून द्यावा लागणाऱ्या खोल बाकापेक्षा एकूण प्रवासात कमी ताकद घेतो. कमरेचा त्रास असलेल्यांनी तर खोल बाकाच्या फ्रेमचा विचारही करू नये.

सीटची उंची घरीच काढता येते. अनवाणी पायांनी भिंतीला टेकून उभे राहा, दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक सीटसारखं वर घट्ट दाबून धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. ८० सेंटिमीटर भरले तर सीटचा माथा पॅडल जिथे फिरतात त्या मध्यापासून साडेसत्तर सेंटिमीटरवर येतो. ही सुरुवात झाली. पॅडल खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंशांत वाकलेला राहिला पाहिजे, ही खरी कसोटी. दुकानात चक्कर मारण्याआधी सीट या उंचीला लावून घ्या. चुकीच्या उंचीवर मारलेली चक्कर फ्रेमबद्दल काहीच सांगत नाही.

दुसरा नंबर टायरचा, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण याच भागाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. टायर जमिनीला टेकतो तिथे तो चपटा होतो आणि पुढे गेला की पुन्हा गोल होतो. या वाकण्यात रबर थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतं. जाड, कडक, स्वस्त टायर जास्त घालवतो. पातळ धाग्यांच्या विणीचा, चांगल्या रबराचा टायर कमी घालवतो. या बजेटातल्या सायकलींवर कंपन्या बहुधा पहिल्या प्रकारचे टायर देतात. चांगली जोडी बसवली तर ताशी २५ ला १० ते १५ वॉट वाचू शकतात. एवढी बचत वजन घटवून सपाट रस्त्यावर करायची म्हटली, तर सायकलच उरणार नाही.

जितका बारीक टायर आणि जितकी टणक हवा तितका वेग जास्त, हा समज फार खोल रुजलेला आहे. प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत लोखंडी ड्रमवर तो खरा ठरतोही. पण रस्ता खडबडीत असेल तर दगडासारखा टणक टायर प्रत्येक खडीवर सायकलीला आणि माणसाला वर उचलतो. ही वर उचलण्याची ऊर्जा पुढे जाण्याच्या ऊर्जेतूनच येते आणि शेवटी तुमच्या मांड्या-खांद्यांच्या थरथरण्यात विरते. रुंद टायर कमी हवेवर खडीला आपल्यात सामावून घेतो. त्यामुळे आपल्या रस्त्यांवर २८ मिलिमीटर हे किमान माप समजावं, आणि फ्रेममध्ये ३२ मावत असतील तर आनंदच. आपल्या ८५ किलोच्या हिशोबात २८ च्या टायरमध्ये ७० ते ७५ पीएसआय दाबाची हवा पुरे, पुढच्या चाकात थोडी कमी. पंपावरचा काटा शंभरापुढे नेऊन समाधान मानणारे पुष्कळ भेटतात. पावसाळ्यानंतर पेठ रस्त्याला किंवा दिंडोरीच्या आतल्या रस्त्यांना जाऊन बघा, मनगटं लगेच फरक सांगतील.

या एका गोष्टीमुळे फ्रेम कशाची असावी यावरचा बराच वाद मिटतो. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम हाडं खिळखिळी करते, कार्बन मऊ चालतो, असं बोललं जातं. अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश आणि घनताही तितकीच कमी, म्हणून त्याच्या नळ्या जाड घेराच्या बनवतात. घेर वाढला की ताठपणा फार झपाट्याने वाढतो. पण उभ्या दिशेने कुठलीही फ्रेम टायरच्या मानाने जेमतेमच दबते. टायर काही मिलिमीटर दबतो. आराम हवा असेल तर तो टायरमध्ये शोधावा. ८० हजारांत नवी कार्बन फ्रेम दिसलीच, तर बाकीच्या भागांत कुठे काटकसर केली आहे ते तपासा. चांगल्या अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), हे या किमतीतलं सगळ्यात समंजस जोडकाम आहे.

तिसरा मुद्दा गिअरचा. शिमानो या गिअर बनवणाऱ्या कंपनीच्या उतरंडीत क्लॅरिसला मागे आठ चक्रं, सोराला नऊ, टिआग्राला दहा, आणि १०५ ला पिढीनुसार अकरा किंवा बारा. आपल्या रकमेत क्लॅरिस किंवा सोरा मिळतं. चक्रांची संख्या वाढली की दोन गिअरमधलं अंतर कमी होतं, पायांची लय तुटत नाही, हा फायदा खराच आहे. पण नाशिकच्या आसपास मला त्याहून मोलाचा वाटतो तो सगळ्यात हलका गिअर. मोहदरी घाट घ्या, नाहीतर नांदुरीहून गडावर जाणारा रस्ता. आठ टक्के चढ लागला की ८५ किलो ताशी ८ ने नुसते वर न्यायला जवळपास १५० वॉट लागतात. पुढे ३४ दात आणि मागे सगळ्यात मोठं चक्र २८ चं असेल, तर या वेगाला पाय मिनिटाला ५१-५२ वेळाच फिरतात. प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर जोर येतो. मागे ३४ दात असतील तर तेच पाय ६२-६३ वेळा फिरतात, आणि तेवढंच काम हलक्या हलक्या दाबांत वाटलं जातं. चाळिशीनंतर हा फरक दुसऱ्या दिवशी जिने उतरताना कळतो. म्हणून दुकानात विचारा: मागची कॅसेट, म्हणजे चक्रांचा संच, किती दातांची? ११-२८ असेल तर मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा, पिंजरा लांब आहे का ते बघा. लांब असला तर ३४ पर्यंतची कॅसेट बसते आणि ती बदलण्याचा खर्च सोसण्यासारखा आहे. आखूड असला तर डिरेलरही बदलावा लागेल.

चाकांच्या वजनाबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ‘चाकाचा एक किलो म्हणजे फ्रेमचे दोन किलो’ हे वाक्य नक्की ऐकायला मिळेल. रिमचं वजन पुढेही जातं आणि गोलही फिरतं, म्हणून वेग पकडताना त्याला दुप्पट ऊर्जा लागते, इथपर्यंत ते बरोबर आहे. पण ती ऊर्जा चाकात साठून राहते. घाटात एका लयीत चढताना चाकाचा किलो आणि बाटलीतल्या पाण्याचा किलो यांत काही फरक नाही. महागड्या चाकांचा विचार दोन-तीन वर्षांनी करावा.

ब्रेकवर मात्र तडजोड नको. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना उंची सुमारे ३०० मीटरने कमी होते. ८५ किलोंच्या हिशोबात ही अडीच लाख ज्यूल ऊर्जा झाली, पाऊण लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी. वेगात असाल तर त्यातला मोठा भाग हवा घेते. ट्रक आणि वळणांमुळे हळू उतरलात तर तो ब्रेकवर येतो. चाकाच्या कडेला घासून थांबवणारे रिम ब्रेक कोरड्यात चांगले चालतात. भर पावसात रिमवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत चाक काही अंतर तसंच पुढे जातं, आणि चिखलातली बारीक वाळू रिम घासत राहते. डिस्क ब्रेकची चकती चाकाच्या मध्याजवळ असते, चिखलापासून लांब. या किमतीत बहुतेक तारेवर चालणारी डिस्क मिळते. तिची तार ताणत राहावी लागते, पॅड झिजले की जवळ आणावे लागतात, तरी घाटातल्या पावसात मी तीच निवडीन. तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक मिळाली तर उत्तम, पण तिच्यासाठी माप किंवा गिअर सोडू नका. डिस्कच्या फ्रेममध्ये रुंद टायरलाही जागा मिळते, हा वरचा लाभ.

८० हजार सगळे सायकलीत घालायचे नाहीत. सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तो वाचलेला पैसा मी टायरला दिला असता. सायकल पासष्ट-अडुसष्ट हजारांची धरा. उरलेल्यात हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, काटा असलेला पंप, दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पॅडची चड्डी आणि टायरची चांगली जोडी बसते. पॅडलला अडकणारे क्लिपचे बूट आणि त्यांचे पॅडल पुढच्या वर्षी घेतले तरी चालतील.

वापरलेली सायकल हा याच रकमेतला दुसरा रस्ता आहे आणि नाशिकमध्ये तो खुला आहे, कारण हौसेने घेऊन बाल्कनीत ठेवलेल्या रोड बाइक बऱ्याच आहेत. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला सांध्यांजवळ, पॅडल फिरतात त्या मध्याखाली आणि सीटच्या नळीशी केसासारखी चीर नाही ना, हे उजेडात बघा. पोलादाला ठरावीक मर्यादेखालचे ताण कितीही वेळा झेलता येतात. अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, छोटे ताणही साठत जातात. पडलेली कार्बन फ्रेम बाहेरून धड दिसूनही आतून फुटलेली असू शकते, म्हणून तिचा इतिहास माहीत नसेल तर मी हात लावणार नाही. चेन मोजण्याची पट्टी सोबत न्या. चेन पाऊण टक्क्याहून जास्त लांबली असेल तर कॅसेटही बहुधा गेलेली असते, तेवढे पैसे भावातून कमी करून मागा. एवढं सगळं पार पडलं, टिआग्राचे गिअर आणि डिस्क ब्रेकची चार वर्षांची अ‍ॅल्युमिनियम सायकल साठ हजारांत मिळाली आणि ती तुमच्या मापाची असेल, तर घ्या. एक माप मोठी असेल, तर ती कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.