जर्मनीत डॉक्टरांकडे जायचंय? विमा, नोंदणी आणि कागदपत्रांची माहिती

जर्मनीत पोहोचल्यावर घर, बँक खातं, सिमकार्ड ही कामं सगळेच लगेच उरकतात. डॉक्टरांचा शोध मात्र ताप चढल्यावर सुरू होतो, आणि तेव्हा फोनवर "नवे पेशंट घेत नाही" असं जर्मनमध्ये ऐकावं लागतं. म्हणून कळकळीने सांगते, ही सगळी तयारी तब्येत ठणठणीत असतानाच करून ठेवा.

विमा कोणाला, कोणता?

आरोग्य विमा इथे सक्तीचा आहे. कायद्याने चालणाऱ्या विमासंस्थांना 'क्रांकेनकासे' म्हणतात. टीके, एओके, बार्मर ही त्यातली ओळखीची नावं. विद्यापीठात प्रवेश घेतलेल्या, तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सवलतीचा दर मिळतो. नुसता भाषेचा कोर्स करायला आलेल्यांना तो मिळत नाही, त्यांना खासगी विमा घ्यावा लागतो. नोकरदारांची वर्गणी पगाराच्या १४.६ टक्के आणि वर त्या संस्थेचा थोडा जादा हिस्सा अशी असते. निम्मी कंपनी भरते. कमाई नसलेला नवरा किंवा बायको आणि मुलं त्याच वर्गणीत येतात.

पगार ठरावीक मर्यादेच्या वर असला की खासगी विम्याची मुभा मिळते. तरुणपणी तो स्वस्त दिसतो, पण पुढे क्रांकेनकासेत परतणं अवघड असतं आणि ५५ वर्षांनंतर जवळजवळ अशक्य. संसार इथेच मांडायचा विचार असेल तर या मोहात पडू नका.

अर्ज ऑनलाइन होतो. पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र किंवा नोकरीचा करार, राहत्या पत्त्याची नोंदणी, बँक खात्याचा आयबान नंबर आणि कार्डासाठी फोटो एवढं लागतं. कार्ड पोस्टाने यायला वेळ लागतो. मधल्या काळात आजारी पडलात तर विमासंस्थेकडून तात्पुरता दाखला मागून घ्या, डॉक्टर तो चालवून घेतात.

डॉक्टरांपर्यंत

पहिली पायरी 'हाउसआर्ट्स्ट', म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर. घराजवळचे दोन-तीन दवाखाने गाठून नवे पेशंट घेतात का ते विचारा. दर तिमाहीत पहिल्या भेटीला कार्ड मशीनमध्ये घालावं लागतं. तज्ज्ञांकडे जायला बहुतेक वेळा हाउसआर्ट्स्टची चिठ्ठी, 'उबरवाइजुंग', लागते. दात, डोळे आणि स्त्रीरोग यांसाठी थेट जाता येतं. दवाखाने बंद असताना त्रास झाला तर ११६११७ हा नंबर फिरवा. छातीत कळ, अर्धांगवायूची लक्षणं, श्वास लागणं असं काही असेल तर थेट ११२.

औषधाच्या चिठ्ठ्या २०२४ पासून डिजिटल झाल्या आहेत आणि कार्डाद्वारे उघडतात. औषधाच्या दुकानात कार्ड दाखवायचं आणि किमतीच्या १० टक्के, पण किमान ५ आणि कमाल १० युरो भरायचे. नोकरदारांनी आजारपण पहिल्याच दिवशी कंपनीला कळवायचं. तीन दिवसांपेक्षा जास्त सुट्टी लागली तर डॉक्टरांचा दाखला हवा, आणि काही कंपन्या तो आधीच मागतात.

भाषेची अडचण

सगळ्यात जास्त घुसमट इथे होते. दुखणं कुठे आहे ते दाखवता येतं. ते केव्हापासून आहे, ठणकतंय की जळजळतंय, कशाने वाढतं हे परक्या भाषेत सांगताना माणूस थकतो आणि "ठीक आहे" म्हणून उठतो. तसं करू नका. कुठलाही उपचार करण्याआधी तो तुम्हाला समजेल अशा रीतीने सांगणं हे इथल्या कायद्याने डॉक्टरांवर बंधनकारक आहे. समजलं नसेल तर सही करू नका, पुन्हा विचारा.

दुभाष्याचा खर्च मात्र क्रांकेनकासे सहसा देत नाही. म्हणून एका कागदावर जर्मनमध्ये सगळं लिहून न्या: त्रास काय आणि केव्हापासून, जुने आजार, शस्त्रक्रिया, ॲलर्जी, चालू औषधं. औषधांची भारतातली ब्रँडची नावं इथे कोणी ओळखत नाही, त्यामुळे वेष्टनावर बारीक अक्षरात छापलेलं घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम उतरवा. जर्मन येणारी मैत्रीण किंवा सहकारी सोबत असेल तर उत्तमच, फक्त भेटीची वेळ घेतानाच तसं सांगून ठेवा. शाळेतल्या मुलांना मात्र दुभाषी करू नका. आईच्या पोटातल्या गाठीबद्दल मुलीने बोलावं, हे त्या पोरीवर लादू नये.

आईवडील भेटीला येणार असतील तर

ते तुमच्या क्रांकेनकासेत बसत नाहीत. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे थोड्या दिवसांच्या भेटीच्या व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतोच. पण आधीपासूनचे आजार अशा पॉलिसींमध्ये बरेचदा वगळलेले असतात. वडिलांना मधुमेह किंवा आईला रक्तदाब असेल तर ते कलम पॉलिसी घेण्याआधी नीट वाचा, आणि त्यांची औषधं मुक्कामभर पुरतील एवढी, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा.