दिवाळीत परतलेला ताप

श्रावणात सातपूरच्या आमच्या आतेभावाला हुडहुडी भरून ताप आला. रक्त तपासलं, व्हायवॅक्स मलेरिया निघाला. दवाखान्यातून क्लोरोक्विन मिळालं, चौथ्या दिवशी गडी पुन्हा कंपनीत. धनत्रयोदशीला चिवड्याची ताटली हातात असतानाच त्याचे दात वाजायला लागले. आत्याने डासांच्या नावाने बोटं मोडली. मी श्रावणातली चिठ्ठी मागून घेतली. तीत प्रायमाक्विन लिहिलेलंच नव्हतं.

नवा डास चावला असेलही, पण मला संशय जुन्याच जंतूंचा. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात दडून बसतात. रक्ततपासणीत ते दिसत नाहीत. क्लोरोक्विन मारतं ते रक्तातले. यकृतातले काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी जागे होतात. त्यांच्यावर प्रायमाक्विन लागतं. राष्ट्रीय उपचारपद्धतीत मोठ्या माणसाला क्लोरोक्विनच्या चार, चार, दोन अशा 10 गोळ्या तीन दिवसांत, आणि प्रायमाक्विन रोज 15 मिलिग्रॅम, 14 दिवस.

घोडं अडतं ते या 14 दिवसांवर. ताप तर तिसऱ्या दिवशीच उतरलेला असतो! सरकारी आरोग्य केंद्रात ही गोळी मोफत मिळते, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही सिडकोत तीन मेडिकल पालथी घातली. एकाने तर विचारलं, "आर्टिसुनेटची सुई आहे, देऊ का?" ती सुई गंभीर मलेरियासाठी असते, इथे तिचं काय काम?

फॅल्सिपेरम या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकाराचं गणित वेगळं. आपल्याकडे त्यावर आर्टिसुनेटसोबत सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन देतात, ईशान्येत आर्टिमेथर-लुमेफॅन्ट्रिन. फॅल्सिपेरममध्ये प्रायमाक्विनचा एकच डोस, दुसऱ्या दिवशी. आर्टिसुनेट, आर्टिमेथर ही आर्टिमिसिनिन गटातली औषधं; या गटातली एकटी गोळी विकायला देशात बंदी आहे, कारण एकट्या औषधाला जंतू लवकर सरावतात.

प्रायमाक्विन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. काहींच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटतात. लघवी चहासारखी गडद झाली तर गोळी तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा. गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांना ती देतच नाहीत.

गोळी शेवटी महापालिकेच्या दवाखान्यात मिळाली. उपाशीपोटी मळमळतं, म्हणून आत्या ती जेवणानंतर समोर उभी राहून द्यायची आणि कालनिर्णयवर रेघ ओढायची. चौदावी रेघ पडली त्या संध्याकाळी अंगणात तुळशीचं लग्न चाललं होतं.